सांडा जागा होईपर्यंत

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपले साठतात. आमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बाटल्या साठायच्या ना, तसे! लेबल गळून पडलेलं, आत नक्की काय आहे याची कुणालाच खात्री नाही, पण टाकून द्यायची हिंमतही कुणाला होत नाही. आम्ही जुनी स्टाफची मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की एकेक बाटली खाली निघते. माझ्या वाटणीच्या बऱ्याचशा बाटल्यांत मुळे सरांचा सांडा आहे. सांगताना मी हसते आणि घरी आल्यावर मला वाईट वाटतं. दोन्हीला माझा इलाज नाही.

संगमनेरातलं कॉलेज, सत्तरच्या दशकाची सुरुवात, आणि तो मोठा दुष्काळ पडला ते वर्ष. डिपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं. मुळे सर हेड, मी डेमॉन्स्ट्रेटर आणि गंगाराम लॅबचा शिपाई. मुळे सर म्हणजे देवमाणूस, उन्हाळ्यात रिटायर होणार होते. मी मात्र पहिल्यापासून तापट. पोरं पाठीमागे मला ‘फुरसं’ म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगू का, मनातून आवडायचंसुद्धा!

*

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मुळे काकूंनी सरांना बाजारात गवार आणि कोथिंबीर आणायला पाठवलं होतं. बाजाराच्या टोकाला एक तेलवाला बसला होता. सांध्याच्या दुखण्यावर सांड्याचं तेल! सांडा म्हणजे घोरपडीच्या लांबच्या नात्यातला, काटेरी शेपटीचा, पालापाचोळा खाणारा गरीब प्राणी. राहणारा तिकडच्या राजस्थान-कच्छच्या वाळवंटातला. तेलवाल्यापुढे मोठे सांडे ओळीनं मांडलेले, पळू नयेत म्हणून कंबरा मोडलेल्या. आणि बाजूला टोपलीत वीतभर लांबीची तीन पिल्लं, अजून धडधाकट.

‘‘ह्यांचं तेल न्हाई निघत साहेब, बारकी हायेत,’’ तेलवाला म्हणाला.

‘‘तेल नको. मला अशीच हवीत. जिवंत.’’

‘‘जित्ती नेऊन काय करनार?’’

‘‘शिकवणार,’’ सर म्हणाले.

त्या माणसानं सरांकडे असं बघितलं म्हणे, की सांध्यांचं नाही, यांचं दुखणं वेगळंच आहे!

घरी काकूंनी गवार काढायला पिशवीत हात घातला आणि त्यांची किंकाळी चार घरं ओलांडून गेली. ‘‘या घरात एक तर हे राहतील, नाहीतर मी!’’ त्यावर सरांनी थोडा वेळ विचार केला. काकूंना सांड्यांपेक्षा तो विचारच जास्त लागला. पुढे कितीतरी दिवस त्या मला म्हणायच्या, ‘‘शैला, विचार करत होते गं!’’

अशी ती तीन पिल्लं आमच्या लॅबमध्ये आली.

*

पहिल्याच दिवशी सरांनी काचेची मोठी पेटी पुसून घेतली, तळाला वाळू पसरली आणि पिल्लं आत सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘शैलाबाई, आयुष्यभर मी मेलेल्या जनावरांवर शिकवत आलो. बेडूक मेलेला, झुरळ मेलेलं, साप बाटलीतला. मुलांना वाटत असेल, झूऑलॉजी म्हणजे मयतांचं शास्त्र. जायच्या आधी एक तास मला जिवंत जनावरावर घ्यायचाय. हलणाऱ्या, बघणाऱ्या, जाग्या जनावरावर. एकच तास. मग मी मोकळा.’’

मी म्हटलं, ‘‘उद्याच घेऊ की सर, त्यात काय!’’

त्यात काय ते पुढे समजलं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला, पेटी टेबलावर आली, सरांनी नवा खडू काढला. पिल्लं गाढ झोपलेली. तीनही! सरांनी काचेवर टिचकी मारली. एकानं अर्धा डोळा उघडला, सरांना बघितलं आणि परत मिटला.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, यांच्यात आणि बाटलीतल्यात फरक काय?’’

वर्ग हसला. मी डोळे वटारले. सर शांतपणे म्हणाले, ‘‘यांना वास येत नाही.’’ आणि त्यांनी पेटी परत आत न्यायला सांगितली. तास पुढे ढकलला, आज नाही तर उद्या.

*

उद्या काही उजाडेना. पिल्लं सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळी तर विचारूच नका. गंगारामला त्यांचं फार कौतुक. ‘‘लई गुनाची हायेत सर. रडनं न्हाई, भांडनं न्हाई, खानं न्हाई!’’ खाणं नाही हीच तर काळजी होती.

त्यातल्या त्यात मोठ्या पिल्लाला त्यानं ‘भाऊसाहेब’ असं नाव ठेवलं. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क भाऊसाहेब जेवणानंतर टेबलावर हनुवटी टेकून डुलकी काढायचे, अगदी त्याच पोझमध्ये हा पडायचा. आता हे नाव डिपार्टमेंटपुरतं राहावं की नाही? पण एकदा सर व्हरांड्यातून मोठ्यानं ओरडले, ‘‘गंगाराम, भाऊसाहेबांना जरा उन्हात आणून ठेव, फारच मलूल दिसतायत!’’

ऑफिसच्या खिडकीतून खरे भाऊसाहेब बाहेर डोकावले. ‘‘मला काय झालंय सर? चांगला जागा आहे मी!’’

सर घाईघाईनं म्हणाले, ‘‘तुम्ही बसा हो, तुम्हाला सावलीच बरी.’’

*

आता पुढचा किस्सा हसून सांगायचा नाही. सांगते तरी.

थंडी पडली. प्रवरेच्या काठची थंडी ती, सकाळी बोटं वळायची नाहीत. पिल्लांना हात लावला तर दगडासारखी गार. गंगारामचा जीव कळवळला. त्याच्या आईनं जुन्या लुगड्याची एवढीशी गोधडी शिवून दिली, लाल काठाची, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली. आम्ही तिघांनी मिळून पिल्लांना त्यात नीट गुंडाळलं. वर सरांनी स्वतःचा मफलर घातला. दार बंद, खिडकी बंद. काय ते कौतुक आमचं! मी तर म्हटलंसुद्धा, ‘‘आता कशी छान ऊब लागेल.’’

रोज गुंडाळत होतो, रोज पिल्लं गारच. एक दिवस गोधडी उलगडली तर धाकटं पिल्लू गेलेलं होतं. सरांनी चिरून बघितलं, तर पोटात आदल्या आठवड्यातली मेथी तशीच होती, पचलीच नव्हती.

मग गंगारामनं उरलेल्या दोघांवर आणखी एक फडकं घातलं!

थंडी ओसरली तशा रसवंत्या सुरू झाल्या. कॉलेज सुटल्यावर सरांनी मला आणि गंगारामला रस पाजायला नेलं. चरकाचे घुंगरू वाजत होते. कोपऱ्यात बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. सर पेला तोंडाला लावता लावता थांबले. बराच वेळ त्या लादीकडे बघत राहिले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, ‘‘शैलाबाई, आपण बर्फाला गोणपाट गुंडाळलं हो.’’

दरवर्षी पहिल्याच सहामाहीत आम्ही पोरांना शिकवायचो, की या प्राण्यांच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न! गोधडीत ऊब राहते ती माणसाच्या अंगातली. ज्याच्या अंगात मुळात नाहीच, त्याची गोधडीत थंडीच राहणार. आणि आम्ही दोघं पदवीधर, रोज सकाळी टाके तपासून थंडी आत कोंडत होतो. ती झोप नव्हती, ते गारठणं होतं. सर रस न पिताच उठले. गंगारामनं आईला हे कधीच सांगितलं नाही.

*

शहाणपण आलं की माणूस ते एकदम सगळं वापरून टाकतो. ऊब पाहिजे ना? घ्या ऊब! फिजिक्सचे पवार सर आमचे शेजारी, उत्साही माणूस. त्यांनी पोल्ट्रीवाल्यांकडे कोंबडीच्या पिल्लांसाठी दिवे लावतात ते बघितलं होतं. त्यांनी पेटीला डावीकडून एक मोठा बल्ब लावला, उजवीकडून एक लावला, वरून झाकण घातलं. पेटी अशी झगमगली की पोरं म्हणाली, ‘‘सर, गणपती बसवला का?’’

आणि अहो, तासाभरात दोन्ही पिल्लं उठली! डोळे टक्क उघडे, मान ताठ. पेटीत धावायला लागली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सर टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, ‘‘उद्या तास! बोर्डावर लावा!’’ मी लावलासुद्धा.

ती धावत होती ती आनंदानं नव्हे, हे आम्हाला कसं कळावं? कुठं तरी गार कोपरा मिळतो का बघत होती. दोन्हीकडून बल्ब, मध्ये वाळू तापलेली, सावली नावाला नाही. आम्ही मोठ्या समाधानानं कुलूप लावून घरी गेलो. सकाळी एक पिल्लू तोंड उघडं टाकून पडलं होतं. भाऊसाहेब तेवढा वाचला, कारण त्याच्या बाजूचा बल्ब आपोआप उडाला होता.

पवार सर आठवडाभर आमच्या दारावरून गेले नाहीत. शेवटी मुळे सरच त्यांच्याकडे गेले. परत आल्यावर मला म्हणाले, ‘‘पवारांचं काय चुकलं? उन्हाबरोबर सावली पण लागते, एवढं आपल्याला कळू नये? या जिल्ह्यात राहून? या वर्षी?’’

बोर्डावरची तासाची नोटीस मी काढून टाकली.

*

मध्येच युनिव्हर्सिटीची कमिटी आली. तीन जण, तिघंही पोटभर जेवून आलेले. नेमकी त्या दिवशी लाइट गेलेली, म्हणजे पेटीला ठेवलेला एकुलता बल्ब बंद आणि भाऊसाहेब गार. एक मेंबर पेटीपुढे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘वा! उत्तम पेंढा भरलाय! अगदी जिवंत वाटतोय. कुणी केलं हे काम?’’

सर म्हणाले, ‘‘साहेब, तो जिवंतच आहे.’’

‘‘असं?’’ मेंबर थोडे हिरमुसले. ‘‘मग मेल्यावर आणखी छान दिसेल!’’

मी काहीतरी बोलणार होते. माझं ‘फुरसं’ तोंड उघडलंच होतं, पण सरांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं. कमिटी गेल्यावर त्यांनी भाऊसाहेबाला उचलून स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि व्हरांड्यात जिथं ऊन येत होतं तिथं जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, ‘‘हा जगला पाहिजे हो. आता मला वेळ थोडा राहिलाय.’’ मी पहिल्यांदा त्यांचा आवाज तसा ऐकला.

*

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या बंगल्यापुढे एक जास्वंद होती. अख्ख्या आवारात हिरवं म्हणून तेवढंच शिल्लक होतं. बाकी बाजारात मेथी नाही, कोथिंबीर नाही, माणसंच परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती, तिथं सांड्याला पाला कुठून आणायचा? गंगाराम पहाटे जाऊन जास्वंदीची दोन-चार पानं आणि एखादं फूल हळूच आणायचा. भाऊसाहेबाला लाल फूल फार आवडायचं.

एक दिवस प्रिन्सिपॉल स्टाफरूममध्ये कडाडले, ‘‘माझी जास्वंद कोण ओरबाडतंय? देवाला फूल मिळेना!’’

मुळे सर उभे राहिले. ‘‘सर, आमच्या डिपार्टमेंटचा एक विद्यार्थी आहे. उपाशी असतो.’’

प्रिन्सिपॉल एकदम नरमले. ‘‘मग असं चोरून कशाला? त्याला म्हणावं, येत जा, फुलं काय खातोस, घरी जेवायला ये!’’

सर म्हणाले, ‘‘त्याला चालत नाही, सर. फुलंच लागतात.’’

खरं कळल्यावर साहेब रागावले, पण नंतर जास्वंदीला कुणी आडकाठी केली नाही.

*

आता तो तास.

मार्च लागला. ऊन असं तापायला लागलं की गच्चीवर उभं राहवेना. आणि गच्चीवरच सरांना हवं ते सापडलं. तिथं एक काळी फरशी पडलेली होती. तिच्यावर एका बाजूनं जिन्याच्या खोलीची सावली यायची, दुसऱ्या बाजूला रणरणतं ऊन. सर रोज भाऊसाहेबाला वर न्यायचे आणि थर्मामीटर लावून बसायचे. सकाळी फरशी कोमट असेपर्यंत भाऊसाहेब झोपलेला. आपल्याला हात टेकवता येईना इतकी ती तापली, की हा उठायचा! अंग पसरून ऊन घ्यायचा, काळपट अंग हळूहळू पिवळसर उजळायचं, मान उंच करायचा, पाला मटामटा खायचा. फार झालं की आपणच चालत सावलीत जायचा, परत यायचा. आम्ही त्याला इतके महिने आळशी समजत होतो. त्याला फक्त ऊन कमी पडत होतं.

‘‘शैलाबाई, तास गच्चीवर. भर दुपारी,’’ सर म्हणाले.

त्यानंतर परीक्षा होत्या, म्हणजे हा शेवटचाच मोका. मी वर्गात जाऊन दम दिला, ‘‘एक जरी गैरहजर राहिला तर माझ्याशी गाठ आहे!’’ एकही गैरहजर राहिला नाही. पठारावरच्या गावांची पोरंसुद्धा सायकली मारत आली.

पोरं जिन्याच्या खोलीच्या सावलीत दाटीवाटीनं बसली. सर फरशीपाशी उन्हात उभे, डोक्याला टोपी, अंगात काकूंनी इस्त्री केलेला कोट. आणि फरशीवर भाऊसाहेब! काय दिसत होता त्या दिवशी! मान ताठ, डोळे लख्ख, एकेक पोराकडे निरखून बघत होता. सरांचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग लागला. इतकं सुंदर ते कधीच बोलले नव्हते. हा ऊन कसं पितो, अंगाचा रंग का बदलतो, सावलीत केव्हा जातो. ते बोलायचे आणि भाऊसाहेब जणू सांगितल्यासारखं तेच करून दाखवायचा. मी भान हरपून ऐकत होते.

मग माझं लक्ष पोरांकडे गेलं.

पहिल्या रांगेतला एक जण भिंतीला डोकं टेकून झोपला होता. त्याच्या खांद्यावर दुसरा. मागच्या रांगेत तर माना पडलेल्या, वारा आलेल्या ज्वारीसारख्या. सगळा वर्ग झोपलेला! अख्खा! माझं टाळकं सटकलं. या माणसानं इतके महिने ज्याच्यासाठी जीव टाकला, त्या तासाला ही कार्टी घोरतायत? मी उठले, पहिल्या रांगेतल्या त्या पोराचा हात धरून हिसडा दिला.

त्यानं डोळे उघडले नाहीत. हात तेवढा उलटा झाला. तळहातावर फोड आलेले, फुटलेले, त्यावर चिंधी बांधलेली, नखांत दगडाची भुकटी. मी शेजारच्याचा हात बघितला, तोही तसाच. पलीकडचा अर्धवट जागा झाला आणि घाबरून पुटपुटला, ‘‘बाई, झोपलो न्हाई, आयकतोय... पाहाटं खडी फोडायला गेल्तो, तिकडूनच आलो... सगळेच हुतो...’’ एवढं बोलून त्याची मान परत खाली गेली.

दुष्काळी कामावर अंधारात जाऊन, वाटणीची खडी फोडून, घरी न जाता पोरं तशीच गच्चीवर आली होती. एकही गैरहजर नको म्हणून.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी सगळं बघितलं होतं, माझ्या आधीच. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि मला खाली बसायची खूण केली. मला वाटलं, तास थांबवतील. नाही थांबवला. आवाज एकदम खाली आणला आणि उरलेला तास कुजबुजत घ्यायला लागले. एकही मुद्दा गाळला नाही. भाऊसाहेब मान उंच करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. घामानं सरांचा कोट पाठीवर भिजला होता.

गंगाराम घंटेचा हातोडा हातात घेऊन वर आला. ‘‘सर, तास संपला. घंटा देऊ का?’’

‘‘हळू बोल रे,’’ सर म्हणाले. ‘‘घंटा नको. मुलं उठतील.’’

गंगाराम हातोडा मांडीवर घेऊन तिथंच भिंतीला टेकून बसला. आणि सरांनी तसंच कुजबुजत पुढचा मुद्दा घेतला.